टवर्ग कुठे ठेवायचा? : दुभागी कीबोर्डची एक समीक्षा

(जालना येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचं वळण शक्यतो तसंच ठेवलं आहे.)



तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस कीबोर्डवर काय बोलणार, असं पत्रिका वाचून काही जणांना वाटलं असेल. पण समीक्षा फक्त कादंबरीची आणि नाटकाची करायची असा काही नियम नाही. माणसाने घडवलेली प्रत्येक वस्तू काहीतरी दावा करत असते. खुर्ची सांगते, असा बस. दाराची कडी सांगते, इथे धर. दावा आला की तो तपासता येतो, आणि तपासणं हे आमचं काम.

आज जी वस्तू तपासायची आहे तिला इंग्रजीत स्प्लिट कीबोर्ड म्हणतात. आपण तिला दुभागी कीबोर्ड म्हणू. नेहमीचा कीबोर्ड मधोमध कापून दोन तुकडे केले, एक डाव्या हातासमोर आणि एक उजव्या हातासमोर खांद्याइतक्या अंतरावर ठेवला, की झाला दुभागी. हे कीबोर्ड हौशी लोक स्वतः जुळवतात. छापील सर्किटची पाटी मागवायची, एकेक स्विच बसवायचा, प्रत्येक स्विचला एक डायोड, छोटा नियंत्रक, दोन तुकड्यांना जोडणारी वायर, आणि मग सोल्डरिंग. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने असा एक जुळवला आणि वापरून बघायला माझ्याकडे ठेवला. तीन महिने मी त्यावर मराठी लिहितो आहे. आज जे बोलणार आहे ते त्या तीन महिन्यांतून आलेलं आहे, पण माझ्या मनगटाची कहाणी सांगायला मी आलेलो नाही.

या वस्तूचा दावा एका वाक्यात असा आहे: आजवर हात यंत्राला जुळवून घेत होता, आता यंत्र हाताला जुळवून घेईल. दावा मोठा आहे. माझा प्रश्न एवढाच, की हात म्हणजे काय? नुसती हाडं, की त्या हाताला बसलेलं वळणसुद्धा?

बोरू

सुरुवात लांबून करू, म्हणजे खरं तर जवळून. आपल्या जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यात जांब आहे. समर्थ रामदासांचा जन्म तिथला, १६०८ सालचा. दासबोध घराघरात असतो, पण एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास फार कुणी थांबून वाचत नाही. त्याचं नावच लेखनक्रिया. अध्यात्माच्या ग्रंथात अक्षर कसं काढावं यावर एक आख्खा समास! अक्षर गोल, सरळ, मोकळं असावं. ओळी एकसारख्या चालाव्यात. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी तेच वाचता येत नाही. माझ्या वयाच्या माणसाला हा सल्ला फार पटतो.

त्याच समासात बोरू येतात. निरनिराळ्या देशांचे बोरू आणावेत, घट्ट, बारीक, सरळ निवडावेत, टाक तासण्याचे प्रकार माहीत असावेत. म्हणजे हत्यार निवडणं आणि ते आपल्या हाताने घडवणं हे लेखनाच्या शिस्तीतच धरलेलं आहे. लिहिणारा आणि हत्यार घडवणारा एकच माणूस. आज ज्याला कस्टम कीबोर्ड म्हणतात, त्याची कल्पना आपल्याकडे अशी जुनी आहे.

पण बोरूबद्दल आणखी एक गोष्ट आहे, आणि माझं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. देवनागरीसाठी बोरूचं टोक तिरपं तासतात. रोमन लिपीसाठीही रुंद टोकाचं कलम तासतात, पण देवनागरीच्या कलमाचा तिरपेपणा त्याच्या उलट बाजूचा असतो. म्हणून आपल्या अक्षरात जाड रेघ जिथे येते तिथे येते. बघा, बोरूला नुसता हात माहीत नव्हता, त्याला लिपीसुद्धा माहीत होती. बोरूचं टोक बघून जाणकार सांगू शकतो की याने कोणती लिपी लिहायची आहे.

शेतातही हेच. खुरप्याची मूठ ज्या बाईच्या हातात जायची तिच्या तळव्याला बसली पाहिजे, आणि पातं इथल्या मातीला बसलं पाहिजे. मूठ चांगली आणि पातं दुसऱ्याच मातीचं, तर खुरपणी होत नाही. दुभागी कीबोर्डची मूठ कशी आहे आणि पातं कसं आहे, हे वेगवेगळं बघायला हवं.

मूठ

आधी मूठ. तिची बाजू न्यायाने मांडली पाहिजे.

नेहमीच्या कीबोर्डवर हात ठेवा. कोपर अंगालगत, पण कळा समोर मध्यभागी. म्हणजे दोन्ही हात आत वळतात आणि मनगटं करंगळीच्या बाजूला बाहेर मुरडतात. तुकडे वेगळे केले की मनगट सरळ राहतं. याला कुठल्या संशोधनाची गरज नाही, आरशासमोर बसून दिसतं. मात्र मनगट सरळ राहिलं म्हणून दुखणं जाईलच असं नाही. दुखण्याला बसण्याची उंची, कामाचे तास, विश्रांती, वय अशी पुष्कळ कारणं असतात. भूमिती आसन सुधारते, ती औषध नव्हे. विकणाऱ्यांनी आणि हौशींनीही हा फरक पुष्कळदा पुसून टाकलेला आहे.

दुसरी गोष्ट रांगांची. तुमच्या कीबोर्डकडे नीट बघा. वरची रांग खालच्या रांगेच्या बरोबर वर नसते, थोडी डावीकडे सरकलेली असते. हे कशासाठी? हाताच्या सोयीसाठी मुळीच नाही. जुन्या टंकलेखन-यंत्रात प्रत्येक कळीला लोखंडी दांडी होती, आणि दांड्या एकमेकींना अडू नयेत म्हणून कळा तिरप्या मांडल्या. शोल्सचं यंत्र रेमिंग्टनने १८७४ च्या सुमारास बाजारात आणलं, तेव्हाची ही अडचण. आज आत दांड्या नाहीत, वायरी आहेत, तरी तिरपेपणा तसाच. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण हत्याराला दोष देणाऱ्याची थट्टा करते. पण कधी कधी अंगण खरोखरच वाकडं असतं, आणि ते वाकडं का झालं हेही सांगता येतं.

हौशी दुभागी कीबोर्डांत बहुतेकदा हे अंगण सरळ केलेलं असतं. कळा उभ्या रकान्यांत, आणि प्रत्येक रकाना त्या त्या बोटाच्या लांबीप्रमाणे वर-खाली. मधलं बोट लांब, त्याचा रकाना वर. करंगळी आखूड, तिचा खाली. आणि अंगठा! नेहमीच्या कीबोर्डवर हाताच्या सगळ्यात बळकट बोटाला काम काय, तर मोकळी जागा सोडणं, आणि तेही दोन अंगठ्यांत मिळून एक. इथे प्रत्येक अंगठ्याला तीन तीन कळा. ही कल्पना आजची नाही. इंग्लंडमध्ये लिलियन मॉल्ट यांचा मॉल्ट्रॉन सत्तरच्या दशकात आला, त्यातही हात वेगळे होते आणि अंगठ्यांना काम होतं. अलीकडच्या हौशींनी केलं ते असं, की आराखडे आणि आतला प्रोग्राम सगळ्यांना खुला केला. कुणीही घ्यावा, बदलावा, दुरुस्त करावा. जुन्या टंकलेखन-यंत्राचा कारागीर गावात असायचा, तो यंत्र उघडून बसवून द्यायचा. बंद डब्याच्या काळात ती सोय गेली होती. खुल्या आराखड्याने ती निदान शक्य तरी झाली.

तर मूठ चांगली आहे. माझं मत अनुकूल आहे.

पातं

आता पातं. इथे मराठीचा प्रश्न सुरू होतो.

तुम्ही म्हणाल, कीबोर्ड कोणत्या भाषेचा असतो का? एका अर्थी नसतो. आत काय होतं ते बघा. तुम्ही 'के' ची कळ दाबता तेव्हा कीबोर्ड संगणकाला 'के' पाठवत नाही, एक क्रमांक पाठवतो. त्या कळीचा क्रमांक आहे १४. मराठी चालू असेल तर संगणक १४ चा 'क' करतो, इंग्रजी असेल तर 'के'. कळीला अक्षर माहीत नसतं, तिला फक्त जागा माहीत असते. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे फार आवडावं असं आहे: अर्थ वस्तूत नाही, व्यवस्थेत आहे.

पण दुसऱ्या अर्थी कीबोर्डला भाषा असतेच. कळा किती आहेत आणि कुठे आहेत, यातूनच कोणती भाषा सुखाने लिहिता येणार ते ठरतं. जागा रोमन लिपीच्या हिशेबाने ठरवली, तर क्रमांक कितीही निःपक्षपाती असोत.

आपली जागा कशी ठरली? टंकलेखन-यंत्रावर देवनागरी बसवणं हा फार जिकिरीचा उद्योग होता. मर्यादित कळांत काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं कोंबायची. मग अर्धी अक्षरं ठेवली, आणि काठी वेगळी मारून ती पूर्ण करायची. ह्रस्व वेलांटी कागदावर डावीकडे दिसते, म्हणून अक्षराच्या आधी मारायची. म्हणजे 'कि' उच्चारताना आधी क, लिहितानाही आधी क, पण टंकताना आधी वेलांटी. ही मांडणी डोळ्याची आहे, कानाची नव्हे. गोदरेजने १९५५ साली भारतात टंकलेखन-यंत्र बनवायला सुरुवात केली. अशा मांडणीवर पिढ्या शिकल्या, नोकऱ्यांना लागल्या. आजही लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मराठीची मिनिटाला ३० शब्दांची किंवा इंग्रजीची ४० शब्दांची गती दाखवावी लागते. टायपिंगच्या क्लासात रोज तास तास बसून मुलं-मुली ती कमावतात. बोटांच्या जोरावर घर चालवणारी माणसं आपल्या जिल्ह्यात आहेत. हा काही शौकिनांचा विषय नाही.

मग संगणक आला, आणि केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इन्स्क्रिप्ट ही मांडणी प्रमाणित केली. भारतीय लिप्यांच्या १९९१ च्या मानकात ती आहे. इन्स्क्रिप्ट अवघड आहे, असं पुष्कळ लोक न शिकताच म्हणतात. मला ती आपल्याकडच्या आधुनिक रचनांपैकी एक अत्यंत सुबुद्ध रचना वाटते. का ते सांगतो.

डाव्या हाताकडे स्वर आणि मात्रा. उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजनं. म्हणजे बाराखडीच दोन हातांत वाटली. व्यंजन उजव्याने, मात्रा डाव्याने, असा झोका पुष्कळ शब्दांत मिळतो. 'जालना' लिहा: ज उजवा, काना डावा, ल उजवा, न डावा, काना डावा. न, म, व ही व्यंजनं डावीकडे खालच्या रांगेत आहेत, तेवढा अपवाद.

पुढे बघा. उजव्या हाताच्या मधल्या रांगेत प, र, क, त, च, ट. त्यांच्या वरच्या रांगेत ब, ह, ग, द, ज, ड. म्हणजे क च्या वर ग, त च्या वर द, च च्या वर ज. खाली अघोष, वर घोष. आणि शिफ्ट दाबली की महाप्राण: क चा ख, ग चा घ. डावीकडेही तेच शास्त्र. मधल्या रांगेत ह्रस्व वेलांटी, तिच्यावर दीर्घ. मधल्या रांगेत ह्रस्व उकार, त्याच्यावर दीर्घ. एका मात्रेच्या वर दोन मात्रा. आपल्या पूर्वजांनी ध्वनी तोंडात कुठे आणि कसा तयार होतो हे पाहून वर्णमाला रचली. तीच वर्णमाला इथे बोटांखाली आहे. रोमन मांडणीत ए च्या शेजारी एस का, याला उत्तर म्हणून इतिहास सांगावा लागतो. क च्या वर ग का, याला उत्तर म्हणून शास्त्र सांगता येतं.

आता दुभागी कीबोर्ड याच्याजवळ आणा. नेहमीच्या कीबोर्डवर क च्या वर ग आहे खरा, पण तिरपा, कारण अंगण वाकडं. सरळ रकान्यांच्या कीबोर्डवर ग बरोबर क च्या डोक्यावर येतो, द बरोबर त च्या. एकेक वर्ग एकेका उभ्या रकान्यात. ज्यांनी हे कीबोर्ड काढले त्यांच्या डोक्यात वर्णमाला नव्हती. तरी इंग्रजीसाठी सरळ केलेल्या अंगणात वर्णमालेचा क्रम अधिक स्पष्ट दिसतो. पहिल्या आठवड्यात हे लक्षात आलं तेव्हा मी थांबून कीबोर्डकडे बघत बसलो.

इथपर्यंत कौतुक. आता दोष.

टवर्गाचं काय करायचं?

या कीबोर्डांत एक फॅशन आहे: कळा जितक्या कमी तितका कीबोर्ड उच्च. जपानमधून आलेला कोर्न नावाचा एक फार लोकप्रिय आराखडा आहे. त्यात ४२ कळा: प्रत्येक हाताला सहा रकाने, तीन रांगा, आणि अंगठ्याच्या तीन कळा. त्याहून कमी हवं असलेले लोक प्रत्येक बाजूचा बाहेरचा रकाना कापतात आणि ३६ वर येतात. पाच रकाने, तीन रांगा, दोन हात: बोटांच्या कळा ३०. इंग्रजीची अक्षरं २६, वर चार चिन्हं. हिशेब छान जमतो. सहाव्या रकान्याबरोबर इंग्रजीचं काय जातं? फार तर एक अवतरणचिन्ह.

मराठीचं काय जातं ते बघा. उजवीकडचे रकाने मोजा. पहिला प-ब. दुसरा र-ह. तिसरा क-ग. चौथा त-द. पाचवा च-ज. सहावा ट-ड. सहावा रकाना कापला की ट, ठ, ड, ढ चारही अक्षरं गेली. आख्खा टवर्ग!

आपल्या जिल्ह्यात तालुके आठ. ३६ कळांच्या या कीबोर्डवर जालना लिहिता येईल, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, परतूर, घनसावंगी लिहिता येईल. अंबड आणि मंठा लिहिता येणार नाहीत. त्यासाठी अंगठ्याची एक कळ दाबून दुसऱ्या थरात जायचं, टवर्ग उचलायचा, परत यायचं. हा थर म्हणजे काय? जसं शिफ्टने कळीचं दुसरं अक्षर मिळतं, तसं आणखी एका कळीने तिसरं, चौथं. सोय चांगली आहे. पण थरात कुणाला पाठवायचं, हा प्रश्न आहे. जे क्वचित लागतं ते थरात जावं. 'पाटील', 'मराठी', 'गाडी', 'वाडा', 'काढा' यांतलं अक्षर क्वचित लागणारं आहे का?

कुणी मुद्दाम मराठीवर अन्याय केला असं मी म्हणत नाही. ज्याने कापलं त्याच्यासमोर मराठी नव्हतीच. पण 'अनावश्यक कळा काढल्या' हे वाक्य बघा. अनावश्यक कुणाला? जे वाक्य जगाबद्दल बोलतंय असं वाटतं, ते प्रत्यक्षात एका लिपीबद्दल बोलत असतं. साधेपणा हा निःपक्षपाती गुण नाही. प्रत्येक साधेपणाच्या मागे कुणीतरी ठरवलेलं असतं की काय सोडून चालेल.

४२ कळांच्या कोर्नवर टवर्ग बसतो, पण तिथेही थोडी भांडाभांडी आहे. त्याच्या मूळ मांडणीत ड च्या जागी खोडायची कळ आहे. ती अंगठ्याकडे हलवावी लागते. ऋकाराची कळ अंकांच्या रांगेत असते, आणि ती रांगच इथे नाही. म्हणजे 'कृषी उत्पन्न बाजार समिती' लिहायला थरात जावं लागतं. 'डॉक्टर', 'ऑफिस' मधलं ॉ, 'कॅमेरा' मधलं ॅ, तेही थरात. हे चालण्यासारखं आहे, कारण ही चिन्हं तुलनेने विरळ. तडजोड आणि अन्याय यांतला फरक असा वारंवारतेने मोजता येतो.

उलट, इन्स्क्रिप्टची एक खोड हा कीबोर्ड सुधारतो, हेही सांगितलं पाहिजे. इन्स्क्रिप्ट सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकच रचलेली. त्यामुळे मराठीचं 'ळ' आणि 'ण' शिफ्टमध्ये गेले. मराठीत ळ आणि ण पदोपदी येतात. 'आणि' हा शब्द घ्या. आ शिफ्टने, ण शिफ्टने, मग वेलांटी, आणि तिन्ही कळा डाव्या हाताच्या. तोवर उजवी करंगळी शिफ्टवर ताणलेली. 'शेतकऱ्यांना' हा आपल्या जिल्ह्यात रोज लिहिला जाणारा शब्द: अकरा कळा, आणि वर श साठी एकदा, ऱ साठी एकदा शिफ्ट. दिवसभर अर्ज टंकणाऱ्या माणसाची करंगळी किती वेळा ताणली जाते, विचार करा. दुभागी कीबोर्डवर शिफ्ट अंगठ्याखाली देता येते. महाप्राण, ळ, ण, आ, श सगळे अंगठ्याच्या बळावर. माझ्या मते मराठीसाठी या यंत्राचा सगळ्यात मोठा लाभ हाच आहे. इंग्रजीला शिफ्ट वाक्याच्या सुरुवातीला लागते, मराठीला शब्दाशब्दात लागते. म्हणून अंगठ्याची गरज आपल्याला त्यांच्याहून जास्त.

हात कुणाचा?

आता मूळ प्रश्नाकडे. हात म्हणजे काय?

जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर यांनी १९४२-४३ च्या व्याख्यानांत टंकलेखन-यंत्रावर टीका केली. हात आणि शब्द यांचं नातं यंत्र तोडतं, असं त्यांचं म्हणणं. फ्रेंच तत्त्वज्ञ मेर्लो-पोंती यांच्या १९४५ च्या ग्रंथात वेगळंच निरीक्षण आहे. सराईत टंकलेखकाला अक्षर कुठे आहे हे सांगता येत नाही, पण बोट बरोबर तिथे जातं. ते ज्ञान हातात असतं. मराठीने हे दोन शब्दांत सांगून ठेवलंय: हात बसणं. हात बसला म्हणजे हत्यार हाताचा भाग झालं. हात यंत्राने तुटत नाही. मात्र पुन्हा पुन्हा बदललेल्या मांडणीने तो कधीच बसत नाही.

आणि हौशी लोकांवर माझा दुसरा आक्षेप इथे आहे. त्यांच्यातले पुष्कळ जण मांडणीही खासगी करतात. माझी अक्षरं माझ्या जागी. आज इकडे, महिन्याने तिकडे. कीबोर्ड जुळवण्यातच इतकं रमायचं की लिहायचं राहून जातं. लग्नापेक्षा वाजंत्रीच जास्त. पण त्याहून गंभीर गोष्ट अशी, की खासगी मांडणीवर बसलेला हात तहसील कार्यालयात, परीक्षेच्या केंद्रात, मित्राच्या घरी निरुपयोगी. लिपी ही सार्वजनिक गोष्ट आहे. समर्थांनी बोरू आपापला तासायला सांगितलं, पण अक्षर मात्र सगळ्यांना वाचता येईल असं काढायला सांगितलं. हत्यार खासगी, अक्षर सार्वजनिक. मी हाच निकष लावतो: कीबोर्डचा आकार आपल्या हाडांप्रमाणे हवा तसा करा, अक्षरांचा क्रम मात्र सगळ्यांचा ठेवा. तुकडे कितीही अंतरावर ठेवा, शिफ्ट अंगठ्याला द्या, पण क च्या वर ग राहू द्या.

याचीच दुसरी बाजू. ज्यांचा हात जुन्या रेमिंग्टन मांडणीवर तीस वर्षं बसलेला आहे, त्यांना 'इन्स्क्रिप्ट शास्त्रीय आहे, बदला' असं सांगणं मला उद्धटपणा वाटतो. त्या मांडणीला अर्धी अक्षरं आणि अंकांची रांगही लागते, ती ४२ कळांत मावत नाही. अशा व्यक्तीचं मनगट दुखत असेल तर तिला चारही रांगा असलेला दुभागी कीबोर्ड हवा. असे आराखडेही आहेत. बसलेला हात ही त्या माणसाची मिळकत आहे. ती सुधारणेच्या नावाखाली जप्त करायची नसते.

हे सगळं आत्ताच का बोलायचं? कारण मराठी लिहिण्याचा तिसराच रस्ता रुंद झालाय. मुलं रोमनमध्ये 'bal' च्या धर्तीवर अक्षरं दाबतात आणि यंत्र सुचवतं: बाल की बाळ? मन की मण? सोयीचं आहे, मी नावं ठेवत नाही. पण ल की ळ, न की ण हा निर्णय लिहिणाऱ्याच्या बोटातून निघून सूचनांच्या यादीत गेला. यादीत पहिलं जे येईल ते स्वीकारलं जातं. आपल्या लिपीवर हात बसलेला असेल तर बोट ळ कडे जाताना तुम्ही ळ म्हटलेलं असतं. हा फरक लहान दिसतो, पण भाषा अशाच लहान निर्णयांवर टिकते.

संगणकावरच्या अक्षराच्या आकाराकडे आपल्या लोकांनी लक्ष दिलं. विंडोजवरचा 'मंगल' टंक र. कृ. जोशी यांनी घडवला. कळांच्या आकाराकडे तेवढं लक्ष गेलेलं नाही. आता आराखडे खुले आहेत, सोल्डरिंग येणारी मुलं आयटीआयमध्ये आहेत, आणि रोज आठ तास मराठी टंकणारी माणसं इथेच आहेत. या दोघांनी एका टेबलाशी बसावं, एवढीच माझी सूचना. पहिला प्रश्न एकमेकांना हा विचारा: टवर्ग कुठे ठेवायचा?

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: सर, हा कीबोर्ड साध्याच्या कितीतरी पट महाग पडतो. सामान्य टायपिस्टने का घ्यावा?*

घेऊ नये, निदान आधी घेऊ नये. आधी खुर्ची-टेबलाची उंची बघा, मधे मधे उठा, साध्या कीबोर्डवर दहा बोटांनी नीट शिका. फुकटात होणारं आधी. पण ज्याचं पोट बोटांवर आहे त्याच्या हत्याराचा खर्च त्याने एकट्याने का सोसावा, हाही प्रश्न विचारा. कार्यालय टेबल देतं, पंखा देतं. बोटांचं हत्यार त्याच यादीत का नसावं?

*प्रश्न: आता बोललं की मोबाइल मराठीत लिहितो. कीबोर्डच जाणार असेल तर हा खटाटोप कशाला?*

बोलून लिहिणं ही चांगली सोय आहे, विशेषतः ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्यासाठी. पण तुम्ही 'म्या गेलतो' म्हणा आणि बघा यंत्र काय लिहितं. कार्यालयात दहा माणसं एकदम बोलून अर्ज लिहू शकत नाहीत. आणि लिहिणं म्हणजे नुसतं उतरवणं नव्हे. आपण लिहितो, थांबतो, एक शब्द खोडतो, दुसरा घालतो, पुन्हा पहिला आणतो. ते तोंडाने करून बघा. विचार करताना जीभ गप्प लागते आणि हात चालू लागतो. तो हात कोणत्या अक्षरांवर चालतो, एवढ्यासाठी हा खटाटोप.